बाळी काढली, बाळी राहिली

…तर त्या दोन्ही जुड्या त्याच त्या काड्यांचे तुकडे निघाले, इथवर काल आलं होतं. वीरधवलचं तोंड तेव्हा कसं झालं ते सांगायचं राहिलंच. हा तासगावकडचा मोठा बागायतदार. द्राक्षाच्या काड्यांची एक जुडी त्यानं स्वतःच्या नावानं तपासायला दिली होती, दुसरी मेव्हण्याच्या नावानं, आणि टेबलाशी असा उभा होता जसं काही त्याच्या पोटात काही नाहीच. अंजनानं हातातलं ब्लेड खाली ठेवलं, मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "वीरधवलदादा, मेव्हण्याची बाग तुमच्याच बांधावर उगवली का वो?"

"का गं?"

"त्येंच्या काडीचं बूड तुमच्या काडीच्या शेंड्याला बसतंय. कात्रीच्या पात्याला खाच पडलीय तुमच्या. तिचा वळ दोन्हीकडं हाय. जोडून बघा."

दुकानात खताची पोती उतरवणारे हमालसुद्धा थांबले. वीरधवलनं जोडून बघितलं. बसलं.

"तुझी नजर तपासत हुतो," तो म्हणाला.

"मग पिशवीत पास झाल्याचा दाखला हाय का?"

त्या दिवसापासून त्यानं दुसरीकडं काडी तपासली नाही, आणि चार गावांत सांगत सुटला की अंजनाच्या हाताखालून काही सुटत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं हेच वाक्य तिच्या अंगाशी आलं.

आता ज्यांचा द्राक्षाशी संबंध खाण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. एप्रिलात बाग छाटली की नव्या काड्या फुटतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा भरतो, म्हणजे पुढच्या फुटीची गाठ. त्या गाठीत मोहरीपेक्षा बारीक असा एक ठिपका असतो. सुरुवातीला तो कुणाचाच नसतो. पाण्याचा ताण बसला, ऊन लागलं, तर त्याचा घड होतो. पाणी आणि खत ढिलं सुटलं, तर त्याचीच बाळी होते. बाळी म्हणजे वेलाचा तो स्प्रिंगसारखा वळलेला हिरवा दोरा, जो सापडेल त्याला मिठी मारतो. ऑक्टोबरात फळछाटणी करताना कितव्या डोळ्यावर कात्री लावायची हे कळायला आधी त्या डोळ्यांच्या आत काय बसलंय ते बघावं लागतं. त्यासाठी डोळा ब्लेडनं पातळ कापायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. अंजना हे काम जोतीरामशेठच्या खत-औषधांच्या दुकानात सतरा वर्षं करत होती.

त्याच्याही आधी ती बागेतच वाढली. आईबरोबर बाळी काढायला जायची. तारेवरच्या मांडवात बाळीचं काही काम नसतं, ती फुकट अन्न खाते, म्हणून बायका ओळीनं चालत जाऊन खुडतात. अंजनाच्या आईचा दंडक असा, की आपल्या मागं ओळीत एकही बाळी राहता कामा नये. राहिली तर लेकीला सगळी ओळ परत चालायला लावायची. एकदा अंजना नव्या साडीत होती, पाहुण्यांकडं जायचं होतं, तरी आईनं तिला तीन बाळ्यांसाठी दीडशे वेल परत फिरवलं. पाहुण्यांकडं जेवण आटोपलं होतं. थंड आमटी खाल्ली ती वेगळीच.

दुकानात जोतीरामशेठनं दुसरा दंडक शिकवला. कापलेला डोळा परत बघता येत नाही. म्हणून जे कापलं, ते तिथल्या तिथं लिहायचं. हात घसरून डोळा वाया गेला तर "वाया गेला" असं लिहायचं, शेजारच्या डोळ्यावरून अंदाज ठोकायचा नाही. अंजनाच्या चिठ्ठ्यांवर तसं लिहिलेलं असायचं, आणि म्हणूनच लोकांचा त्या चिठ्ठ्यांवर विश्वास होता.

एकच गोष्ट तिला सलायची. डोळ्यात काय आहे ते बघायचं तर डोळा मारायला लागतो. सतरा वर्षांत तिनं लाखभर घड पाहिले असतील, पण पाहिलेला एकही घड पुढं पिकला नाही.

मग तिचा नवरा राजरत्न, एस.टी.च्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, त्याची बदली कराडला झाली. बिऱ्हाड उचललं. कराडात द्राक्षं गाड्यावर मिळत होती, पण काडी तपासायला कोण आणणार? अंजना दोन महिन्यांत अशी कंटाळली, की राजरत्नच्या डब्यातल्या मेथीची पानं उन्हाकडं धरून बघायला लागली.

"मेथीला घड येणार हाय का?" त्यानं विचारलं.

"तुमाला येतोय का बघत हुते."

राजरत्नच एक दिवस बातमी घेऊन आला. गावाबाहेर मेंदूच्या पेशींवर काम करणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथल्या संयोगिता मॅडमना मायक्रोस्कोपवर तासन्‌तास बसू शकेल आणि जिचा हात थरथरत नाही अशी बाई पाहिजे होती. अंजना गेली. मॅडमनी विचारलं, आधी कशावर काम केलंय? अंजनानं पिशवीतून टिफिन बाहेर ठेवला, छत्री बाहेर ठेवली आणि खालून हातभर लांब द्राक्षाची काडी काढली. माहेरहून मुद्दाम मागवून घेतली होती. तिथंच ब्लेडनं एक डोळा कापून तिनं काचेवर ठेवला.

मॅडम साताऱ्याच्या, फौजी बापाची लेक, बोलायला मोजक्या. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळे लावले, काच सरकवून सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "आमच्याकडंही हेच चालतं, अंजनाताई. फक्त आमच्याकडचं जिवंत असतं."

"जित्तं? मंजी आज बघितलं तर उद्या परत बघायला मिळतं?"

"मिळतं. रोज."

अंजनानं तिथंच ठरवलं की ही जागा सोडायची नाही. मॅडमनी मात्र सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिन्यांनी पुण्याहून दोन तज्ज्ञ येऊन काम बघतील, त्यानंतर कायम करायचं की नाही ते ठरेल.

पहिल्या आठवड्यात बांगड्या उतरल्या, स्पिरिटनं हात धुवायची सवय लागली. पेशी काचेसारख्या बशीत, गुलाबी सरबतासारख्या पाण्यात असायच्या आणि बश्या अंगाइतक्या गरम पेटीत. उंदराच्या गर्भातल्या मेंदूतून घेतलेल्या त्या मूळ पेशी. वाढीचं औषध घातलेल्या पाण्यात त्या गोळे करून तरंगायच्या, एकीच्या दोन, दोनच्या चार, आणि आपण कोण व्हायचं ते काही ठरवायच्या नाहीत.

"हे औषध बंद केलं," मॅडमनी समजावलं, "की गोळे बशीच्या तळाला चिकटतात आणि पेशी ठरवायला लागतात."

"ताण," अंजना म्हणाली.

"काय?"

"पाणी तोडल्याबिगर डोळ्यात घड बसत न्हाई. तसंच की हे."

मॅडमना हा शब्द एवढा आवडला की त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरच लिहायला सुरुवात केली: ताण, दिवस पहिला. ताण, दिवस दुसरा. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मूळ पेशी दुभागते तेव्हा पुष्कळदा एक वाटा मूळच राहतो आणि दुसरा पुढं काहीतरी होतो. सुरुवातीला होतात ते न्यूरॉन, लांब हात काढून एकमेकांना निरोप देणारे. आपण बोलतो, आठवतो, ते त्यांच्या जोरावर. त्यांचा हंगाम सरत आला की त्याच मूळ पेशींतून ग्लिया निघायला लागतात, कुणी चांदणीसारख्या पसरट, कुणी बारीक फांद्यांच्या.

"मंजी एकाच ठिपक्यातनं आदी घड, मग बाळी," अंजना म्हणाली.

मॅडमना फोन आला होता. त्या हसल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तसंच समजा."

झालं. अंजनानं तसंच समजलं.

पाच महिने सोन्यासारखे गेले. सकाळी फाटकावर मानसिंग भेटायचा. हा फौजेतला निवृत्त हवालदार, आता प्रयोगशाळेचा पहारेकरी. त्यानं फाटकाशी दोडक्याचा वेल लावला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला वेलाचा वाढदिवस सांगायचा. आत गेलं की अंजना कालच्या बश्या काढून बघायची. काल जिथं टिंब होतं तिथं आज हात फुटलेला, परवा तो हात शेजारणीपर्यंत पोचलेला. घरी आल्यावर राजरत्नला ती पेशींची खबरबात अशी सांगायची, की त्याला वाटावं शेजारच्या गल्लीतली माणसं आहेत. "तिसऱ्या बशीतल्या कोपऱ्यातलीनं आज दोघींना धरलं." "बरं झालं," राजरत्न म्हणायचा, "एकटी हुती बिचारी."

सहावा महिना लागला. पुण्याचे तज्ज्ञ बुधवारी येणार, आणि मॅडमना आदल्या शुक्रवारी चार दिवसांच्या कामासाठी पुण्याला जावं लागलं. त्यांच्यामागं अंजनाकडं बारा बश्या होत्या. ह्याच बश्या तज्ज्ञांना दाखवायच्या. या खेपेला ताण नेहमीपेक्षा लांबवलेला, म्हणजे न्यूरॉनांचं जाळं दाट झालं असेल आणि एकीनं हाक मारली की दुसरी उजळते ते रंगद्रव्य घालून दाखवता येईल. मॅडम जाताना म्हणाल्या, "कचरा दिसला तर काढा, बाकी तुम्हाला सांगायला नको."

शनिवारी सकाळी अंजनानं पहिली बशी मायक्रोस्कोपखाली धरली आणि डोळे चोळून परत बघितलं. न्यूरॉनांच्या मधूनमधून, खालून, वरून, जिकडं तिकडं त्या पसरट चांदण्या. एवढ्या तिनं आजवर कधी पाहिल्या नव्हत्या, कारण आजवर इतके दिवस बशी कुणी ठेवलीच नव्हती. न्यूरॉनांना मिठ्या मारून बसलेल्या. ओळीत मागं राहिलेल्या बाळ्या. आणि बुधवारी पुण्याची माणसं ओळीतून चालत येणार.

बारीक टोकाच्या नळीनं कचरा कसा उचलायचा हे मॅडमनीच शिकवलं होतं. अंजनानं नळी घेतली आणि खुडायला लागली. एकेक चांदणी कडेनं उकलायची, ओढून घ्यायची, न्यूरॉनाला धक्का लागू द्यायचा नाही. असलं काम करणारा हात अख्ख्या कराडात दुसरा नसेल. शनिवारचा सगळा दिवस आणि रविवारचा अर्धा. सहा बश्या निघाल्या आणि निर्जंतुक नळ्यांचा डबा संपला. नवा डबा मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, पर्स पुण्यात. अंजना हळहळली, पण दंडक तो दंडक. सहा झाकणांवर तिनं पेननं लिहिलं, "बाळी काढली". उरलेल्या सहांवर लिहिलं, "बाळी राहिली". हे दुसरं लिहिताना तिला आईची आठवण येऊन लाज वाटली.

सोमवारी पेटी उघडली तेव्हा "बाळी काढली"च्या बश्यांत न्यूरॉनांचे हात आखडलेले होते. काहींचे हात मधूनमधून फुगून मण्यांच्या माळेसारखे झालेले, काही सुटून पाण्यावर आलेले. "बाळी राहिली"च्या बश्यांत सगळं हसतंखेळतं. दुपारपर्यंत चौथी आणि पाचवी बशी बघवत नव्हती.

घरी ती जेवली नाही. राजरत्ननं सगळं ऐकून घेतलं. माणूस मायेचा, त्यानं त्याच्या परीनं तोड काढली. "झाकणावरचं पुसून टाक की स्पिरिटनं. पेटीची लाईट गेली हुती म्हणायचं. लाईट काय साक्ष द्यायला येतीय?"

"कापलंय म्या, आन लिवलंय म्या," अंजना म्हणाली. "पुसलं तर उद्यापास्नं माज्या कुठल्या चिठ्ठीवर इश्वास ठिवायचा कुणी? तुमी ठिवशिला?"

"म्या तर तुज्या किराणाच्या चिठ्ठीवरबी ठिवतो. तिच्यात दर खेपंला फरसाण लिवलेलं नसतं आन घरात असतं."

ती हसली, तेव्हा कुठं दोन घास खाल्ले. पण राजरत्नला कळत होतं. सहा महिने ती रोज सकाळी मायक्रोस्कोपकडं कशी पळत जायची ते त्यानंच पाहिलं होतं.

मंगळवारी ती लवकर निघाली. मॅडम येण्याआधी पोचून स्वतःच सांगायचं ठरवलं होतं. फाटकाशी आली तर मानसिंग अर्धंच फाटक उघडून उभा.

"दुसरं फाटक?"

"दोडक्यानं धरलंय, ताई. दोन दिस झालं, तुमचं ध्यान न्हवतं. एकाच अंगानं या-जा करतोय आमी."

वेलाच्या दोन-तीन बाळ्यांनी फाटकाच्या गजांना घट्ट वेढे घातले होते. अंजनाचा हात सवयीनं पुढं गेला. डोक्यात दुसरंच चालू होतं, हाताला ते काय ठाऊक. चिमटीत बाळी आली आणि मानसिंग असा ओरडला जसा काही सीमेवर आहे.

"थांबा! ती तोडली तर समदा वेल खाली ईल. तार न्हाई, काठी न्हाई, दोरी बांदलेली न्हाई. त्यो तिच्यावरच उभा हाय."

अंजनाच्या चिमटीत बाळी तशीच राहिली. मानसिंगला वाटलं ताईंना राग आला, म्हणून तो समजावायला लागला, की बर्फात चौकीवर असताना आम्हीही एकमेकांना दोर बांधून चालायचो, एक सुटला तर... पण तिचं लक्ष नव्हतं. ती वेलाकडं बघत होती. आयुष्यभर तिनं बाळी खुडली ती मांडवात. मांडवात तार असते. माणसानं तार ओढून दिली, काड्या सुतळीनं बांधल्या, म्हणून तिथं बाळीला काम उरलं नाही. आणि बशीत तार कुणी ओढली होती?

मॅडम दहाला आल्या. अंजनानं पेटी उघडायच्या आधीच सांगितलं. काय पाहिलं, काय वाटलं, किती खुडल्या, कुठं थांबली. मॅडमनी बारा बश्या एकामागून एक बघितल्या. मग त्या खुर्चीत बसल्या आणि चिडल्या. चिडणं साहजिक होतं, सहा महिन्यांचं काम आणि उद्या माणसं दारात.

"ग्लिया त्यांना खाऊ घालतात, अंजनाताई. साफसफाई करतात. निरोप जिथं पोचतो ती जागा सांभाळतात. हे कुठल्याही पुस्तकात आहे. तुम्ही कुणाला तरी विचारायचं."

"विचारलं हुतं, मॅडम."

"कधी?"

"पयल्याच आठवड्यात. आदी घड, मग बाळी, आसं म्हणलं. तुमी म्हणला, तसंच समजा."

तो फोन मॅडमनाही आठवला असावा. त्यांनी कपाळावरून हात फिरवला.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं सांगायचं राहिलं ते राहिलंच. बसा." मग सांगायला लागल्या, की बशीतलं सोडा, खऱ्या मेंदूत तर मूळ पेशीच एक लांब धागा काढते, तळापासून पार वरपर्यंत, आणि नव्यानं झालेला न्यूरॉन त्या धाग्याला धरून चढत आपल्या जागी जातो. शेवटी काम झालं की पुष्कळदा ती धागेवाली स्वतःच ग्लिया होते.

"मंजी आदी तार व्हायचं, मग बाळी," अंजना हळूच म्हणाली, आणि लगेच, "तसंच समजू का, का अजून काय राहिलंय?"

मॅडमना हसू आवरलं नाही. "ह्या खेपेला समजा. आणि ह्या सहांतले काही तुमच्या नळीच्या धक्क्यानंही गेले असतील, सगळा दोष बाळीवर टाकू नका." उरलेल्या सहा बश्यांकडं बघून त्या म्हणाल्या, "उद्या ह्यांच्यावर भागवायचं."

बुधवारी पुण्याचे दोघे आले. मानसिंगनं त्यांनाही अर्ध्याच फाटकातून घेतलं आणि कारण सांगितलं. आत रंगद्रव्य घातल्यावर "बाळी राहिली"च्या बशीत एक ठिणगी उजळली, मग शेजारची, मग लांबची, जसं संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी एकेका वस्तीत दिवा लागावा. अंजनानंही ते पहिल्यांदाच पाहिलं. बुटांचा आवाज न करता ती दोन पावलं पुढं आली होती, ते तिलाही कळलं नाही.

दोघांतल्या वयस्कर साहेबांना झाकणं दिसली. "हे काय लिहिलंय?"

मॅडमनी काही झाकलं नाही. साहेबांनी "बाळी काढली"च्या बश्याही मागून घेतल्या आणि मायक्रोस्कोपखाली फिरवून फिरवून बघितल्या. "इतकं स्वच्छ कुणी हातानं काढलंय?" ते म्हणाले. "न्यूरॉन जगवायला पाहिजे होते ते वेगळं. पण हा हात कुणाचा?"

मॅडमनी अंजनाकडं बोट केलं.

"आणि पुसून टाकावंसं वाटलं नाही?"

"आमच्या मालकांनी सुचवलं हुतं," अंजना म्हणाली.

दोघे हसले. दोघांचं काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं. मॅडमनी टेबलाच्या खणातून कायमचा कागद काढला, सही केली, त्यांच्याकडं सरकवला, त्यांच्या सह्या झाल्या. मग मॅडमनी तो कागद अंजनासमोर धरला, पण बोटांतून सोडला नाही.

"घ्यायच्या आधी एक सांगा, अंजनाताई. तुमचे ते वीरधवलदादा म्हणतात, असं तुम्हीच सांगत असता ना, की तुमच्या हाताखालून काही सुटत नाही? मग उद्या परत बशीत असलं काही नको वाटणारं दिसलं, आणि मी पुण्यात असले, तर काय कराल?"

अंजनानं कागदाचं दुसरं टोक धरलं.

"बाळी दिसली की हात शिवशिवणारच, मॅडम, त्यो काय माज्या हातात न्हाई. माहेरच्या बागंत गेले तर आजबी खुडंन. पर हितनं फुडं आदी तार कुठं हाय ती बघीन, आन न्हाई दिसली तर हात पदराखाली घालून तुमाला फोन लावीन. तवा तेवढं 'तसंच समजा' म्हणू नगा."